हँडलला बांधलेली चिठ्ठी

रूथताई, गाडी बंद पडणं वेगळं
आणि बंद ठेवणं वेगळं.
दुसऱ्याला मेहनत लागते.

आधी तिला शरणपूरहून गंगापूर धरणापर्यंत पळवली,
इंजिन पुरतं तापेस्तोवर,
मग गरम असतानाच जुनं तेल सोडलं.
वापरलेल्या तेलात आंबटपणा उतरतो,
बसल्या बसल्या बेअरिंग खातो.
नवं भरलंय. ते आता एक किलोमीटरही चालणार नाही,
तरी नवंच भरायचं.
टाकी गळ्यापर्यंत, कार्बोरेटरात मात्र थेंब नाही.

नंतर प्लग काढला.
त्या भोकातून दोन चमचे तेल,
खोकल्याचं औषध मोजतात तसं,
आणि किक हातानंच दाबली, हळू,
म्हणजे रिंगांनी ते भिंतीला सारवून घ्यावं.
पिस्टन वर आणून थांबवला.
दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. आतली हवा आत.

सायलेन्सरच्या तोंडात तेलाचं फडकं, वर पिशवी, वर सुतळी.
एकदा एकातून उंदराची सात पिल्लं काढलीत मी,
डोळे न उघडलेली.

वॉर्डातल्या औषधांच्या डब्यांमधून
तुम्ही जमवलेल्या त्या पुड्या, "खाऊ नये" छापलेल्या,
सगळ्या बत्तीस कामी आल्या.
आमचा तन्वीर म्हणत होता, पिंपळगावहून
द्राक्षाच्या पेटीत घालतात तो कागद आणू का?
म्हटलं, बाबा, त्यात गंधकाचा वायू.
द्राक्ष दोन महिने टवटवीत राहील,
लोखंडाची साल निघेल.

आमच्या सातपूरला डिसेंबरात पहाटे
पत्र्याला आतून घाम फुटतो.
दार लावलेलं, छप्पर शाबूत,
पाणी आलं कुठून?
कुठून नाही. हवेतच होतं,
गार लोखंडाची वाट बघत.

तुमचा भाऊ दर रविवारी येतो.
पाच मिनिटं चालू करतो म्हणतो, तिला बरं वाटेल.
मी करू देत नाही.
पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, नुसतं आतून भिजतं.
धूर निघून जातो, वाफ राहते.
रागावून गेला परवा. येईल परत.
महिन्यातून एकदा मीच प्लग काढून
तिला थोडी फिरवतो,
पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून
तुम्ही पेशंटची कूस बदलता ना, तेवढीच.

एक गोष्ट सांगायची राहिली होती.
अंबडला आमचा कारखाना बंद होणार कळलं,
त्या रात्री आम्ही अकरा जणांनी, कुणी न सांगता,
सगळ्या लेथना ग्रीस फासलं.
हातानं. बोटांच्या पेरांनी.
मेणकागद लावले, गिअरच्या खाचाही सोडल्या नाहीत.
सकाळी गेटला कुलूप.
नऊ वर्षांनी उघडलं तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो.
ट्रकवर चढवताना एकाचा कागद फाटला
आणि खालचं लोखंड
कालच घासल्यासारखं लखलखलं.
भंगारवाल्यानं गंजलेल्याच भावानं नेलं.

आमचं काही चुकलं नव्हतं.
हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगतो.

काल तुमचा मस्कतहून फोन आला,
करार अजून दोन वर्षं वाढला म्हणून.
तुम्ही भाड्याचं विचारलंत, गाडीचं नाही.
मी पण काही बोललो नाही.
रात्री गॅरेज बंद करताना प्लग काढून
आत टॉर्च मारला.
भिंतीवर तेलाची साय अजून धरून आहे,
उजेड पडला तसा परत आला.

हँडलच्या चिठ्ठीवरची शाई मात्र उडालीय.
तिचं संरक्षण कुणी केलं नव्हतं.
नवीन पुठ्ठा कापला, ठळक लिहिलं:
आत तेल आहे. प्लग काढल्याशिवाय
आणि फडकं ओढल्याशिवाय
किक मारू नये.
खाली, पूर्वी जिथं तारीख होती,
तिथं जागा सोडलीय.
पेन सुतळीलाच बांधून ठेवलंय.