फुंकर

रसायनशास्त्र माझ्याकडे येतं ते तुकड्यांनी.
वर चार मजले: सूत्रं, समतोल,
फळ्यावर दोन्हीकडे धावणारे बाण.
खाली तळघरात, वाफेच्या पाइपांना खेटून, मी.
ग्लिवित्सेच्या या विद्यापीठात एकतीस वर्षं
हुद्दा एकच: काच फुंकणारा.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला कंडेन्सर येतो, मान मोडलेला;
आणणाऱ्याची मानही खालीच.
कसा फुटला, मी विचारत नाही.
सगळे सांगतात, "आपोआप."

दोब्रोख्ना आली फेब्रुवारीत, परीक्षांच्या आठवड्यात.
ऊर्ध्वपातनाचा स्तंभ, हातभर लांब,
रात्री तीनला तडकलेला.
उष्मागतिकीत दोनदा नापास, हेही तिनंच सांगून टाकलं,
जणू तेही त्याच पिशवीत होतं.
वडील रिब्निकच्या खाणीत. फोनवर विचारतात,
"पोरी, तुम्ही तिथं बनवता तरी काय?"
"काय सांगू? चार वर्षांत एक साबण,
तोही वाकडा."

मी बर्नर पेटवला.
काच तापली आणि तिच्यातलं सोडियम
पिवळंधमक बोलायला लागलं.
"पाचशे एकोणनव्वद नॅनोमीटर," ती पुटपुटली,
झोपेत पाढे म्हणावेत तशी.
मी माझा जादा चष्मा तिच्या नाकावर ठेवला.
पिवळं गेलं.
तो सगळा गलका गेला, आणि उरली
नुसती काचेची कड,
मधासारखी सैल होत चाललेली.
बराच वेळ ती गप्प.
मग म्हणाली, "हे मी तीनदा पाठ केलंय."

आणि मी? किती स्तंभ जोडले आजवर,
आतला खटाटोप कशासाठी, कधी विचारलं नव्हतं.
तिनं सांगितलं: वर पोचलेली वाफ
थंड करून मुद्दाम परत खाली सोडायची.
जितकं जास्त परत पाठवाल
तितकं वरचं शुद्ध.
"आणि सगळंच परत पाठवलं तर?"
"तर अगदी निर्मळ. फक्त हाती थेंब नाही."
हसली. मग डोळे पुसत,
"दर शुक्रवारी रिब्निकची बस पकडते मी.
प्रमाण चुकतंय बहुतेक."

तेवढ्यात तिनं ते केलं जे सगळेच करतात.
तापलेली काच आणि गार काच दिसायला सारखीच.
नळाखाली बोट धरलं तिचं,
आणि विचार न करता
फुंकर घातली.
काचेत घालतो तीच.
छातीच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात
नळीत फुंकायला लावून
कागदावर काढून दाखवली, किती उरलीय ती.

"सकाळी आठला पेपर आहे, स्तंभ आत्ताच मिळेल?"
नाही मिळणार.
रात्रभर भट्टीत राहील, अंश अंश उतरेल.
घाईनं गार केलेली काच
दिसायला ठणठणीत असते,
आणि एखाद्या पहाटे, कुणी हात न लावता...
"आपोआप," ती म्हणाली.
"आपोआप," मी म्हणालो.

पेपराचं काय झालं, ठाऊक नाही.
एप्रिलात दारावर टकटक,
हातात तीन तोंडांचा चंबू, एक तोंड गायब,
आणि मान अगदी ताठ:
"मी पाडला. माझ्याच हातून."
मी चष्मा शोधू लागलो.
तो तिनं आधीच घातला होता.