एकशे चौथी रात्र

स्विंडनमध्ये घटस्फोटाचा आवाज होत नाही.
घट फुटल्याचा तर नाहीच.
रात्री भांडी आवरून लॅपटॉपवर अर्ज भरला,
कारण कुणी विचारलंच नाही.
मी वहीत लिहून ठेवली होती, तारीखवार,
अकरा वर्षांची.
तिथे होता फक्त एक चौकोन:
लग्न मोडलंय, सांधता येणार नाही.
चौकोनात खूण केली.
मग म्हणाले, वीस आठवडे थांबा,
लोणचं मुरायला ठेवतात तसं.
मग आणखी सहा आठवडे आणि एक दिवस.
तो एक दिवस कशासाठी, मला अजून कळलेलं नाही.

कराडहून मावशीचा फोन.
ताबा कुणाकडे गं?
सातबाऱ्यावर नाव कुणाचं विचारावं तशी.
मावशी, तो शब्दच काढून टाकलाय इथे.
मध्यस्थी करणाऱ्या बाई म्हणाल्या, कार्डिगनची बटणं लावत,
मुलं ताब्यात नसतात. राहतात.
एकाकडे राहतात, दुसऱ्याबरोबर वेळ घालवतात.
बरं, आणि पोटगी?
ती आहे. फक्त पोटावर मोजत नाहीत,
रात्रींवर मोजतात.

खरंच. तसं पत्रच आलंय.
वर्षात बावन्न रात्री बापाकडे, की रकमेचा सातवा हिस्सा कमी.
एकशे चार भरल्या, की सातातले दोन.
दिवस धरत नाहीत.
शाळेतून आणलं, पोहायला नेलं,
गुडघ्याला मलम, वरणभात, नऊचा पाढा,
आणि साडेआठला परत आणून सोडलं:
शून्य.
झोपली तरच रात्र.

आमच्या मुलीचं नाव शर्वरी.
निखिलेशने सुचवलं होतं.
शर्वरी म्हणजे रात्र, हे मी बारसं झाल्यावर शब्दकोशात पाहिलं.

फ्रिजवर कॅलेंडर. त्याच्या प्रत्येक रात्रीला
पेन्सिलीचं बारीक टिंब.
ही टिंबं कसली, शर्वरीने विचारलं एकदा.
दुधाची, मी म्हणाले. आमच्या घरी आई अशीच ठेवायची.
दूध तर आपण टेस्कोतून आणतो, ती म्हणाली,
आणि खेळायला गेली.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार.
सहाला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये तिला घ्यायचं होतं.
सव्वापाचला त्याचा फोन.
अगं, झोपलीये ती. अंग तापलंय.
आज इथेच राहू दे का?

फोन कानाला, आणि डोळे फ्रिजवर.
गॅसचं बिल, बुटांचा नवा नंबर, शाळेची वेल्सची सहल,
सात भाग, त्यातले दोन.
सगळी वजाबाकी झाल्यावर विचारलं,
किती झालाय?
एकशे दोन, तो म्हणाला.
नाही, मी म्हणाले, एकशे तीन.
मोजलेत मी.

फोनमध्ये त्याच्या घरातलं वॉशिंग मशीन ऐकू येत होतं.
ताप म्हणतोय मी,
तो म्हणाला.

गाडी काढली. पाच चक्रांचा तो गोल चौक
दोनदा चुकले, रोजचा असून.
गुलाबी औषध त्याने आधीच दिलं होतं.
आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना, जमिनीवर,
मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत.
बोललो फक्त पाण्याबद्दल.
पहाटे घाम आला तिला, ताप उतरला.
मी तिथे होते, रात्र त्याची होती,
आणि हिशेबात तसंच धरतात.
पत्राखाली नंबर दिलाय, बदल असल्यास कळवा.
त्याने कळवलं का, मी विचारलं नाही.

मंगळवारी शर्वरी घरी आली.
चहा टाकताना पाहिलं तर रविवारच्या चौकटीत
टिंब आधीच होतं.
जांभळ्या स्केचपेनचं, चांगलं ठसठशीत.
हे काय गं?
दूध, शर्वरी म्हणाली,
आणि स्केचपेनचं टोपण
दोनदा दाबून लावलं.