पाठिंबापत्र, दोन एमबीच्या आत

निपाणीहून परतताना पिशवीत चौदा अंगठे होते,
एका फुलस्केपवर, निळ्या शाईत.
वर हौसाबाई घस्तेनं सांगितलेला मजकूर:
आमाला चक्कर का येती ते बघायला आमची हरकत नाही.
सरकारनं बाईंना पैसे द्यावेत.

पोर्टलवर आधी राज्य निवडायचं होतं.
कर्नाटक निवडलं,
तसा संमतीपत्राच्या भाषेचा रकाना आपोआप भरला: कन्नड.
खोडता येईना.
संख्याशास्त्राचे हुक्केरी सर शेजारीच होते.
माझी भाषा आहे हो ती, म्हणाले,
पण वखारीतल्या सगळ्यांची नाही.
आणि चष्मा कपाळावर सारून स्वतःच
‘इतर’ कुठं दडलंय ते शोधू लागले.
सापडलं, पार तळाशी. वीस अक्षरांची मुभा.
मराठीची अक्षरं तीन,
यंत्रानं काना, वेलांटी वेगळी धरून पाच मोजली.
उरलेल्या पंधरात मलव्वाची कन्नड, जैतुनबीची उर्दू
आणि दुपारच्या सुट्टीत त्या सगळ्या मिळून जे बोलतात
ते.

सारांशाला पंधराशे अक्षरं, मोकळ्या जागांसकट.
मी आधी धुळीचा रंग काढला.
मग पदराचे बोळे, नाकाला बांधलेले.
मग मलव्वाचं वाक्य:
तिसरी चाळण झाली की जमीन होडीगत हलती.
होडी तिनं हिडकलच्या धरणावर पाहिली, लांबून.
त्या जागी लिहिलं: भोवळ, मध्यम.
बरीच जागा वाचली.

अंदाजपत्रकात रसायनांना रकाना, शीतपेटीला रकाना,
परिषदेच्या विमानालासुद्धा.
रक्त द्यायला आलेल्या बाईची बुडालेली हजेरी
कशातच बसेना.
शेवटी आकस्मिक खर्चात टाकली,
जसा काही तिचा रोज हा अपघात असावा.

जोडपत्र चार. कमाल दोन एमबी.
आमचा कागद सहाच्या वर.
दाबला, आणखी दाबला,
अंगठ्यांची निळी ढेकळं झाली.
हे अस्पष्ट म्हणून परत येईल, मी म्हटलं.
हुक्केरी सरांनी मूळ कागद खिडकीशी धरला, बराच वेळ.
यातही रेषा नाहीत, म्हणाले.
नव्हत्याच.
तीस वर्षं पान चोळलेली बोटं.
रेशनच्या यंत्रापुढे त्यांना बाजूला उभं करतात
ते मला माहीत होतं,
फक्त अर्जात लिहायचं सुचलं नव्हतं.
सारांशात सहा अक्षरं शिल्लक होती.

पाच वाजून चौदा. मुदत साडेपाच.
ओटीपी संस्थाप्रमुखांच्या फोनवर,
संस्थाप्रमुख गोकाकला लग्नात,
फोन त्यांच्या ड्रायव्हरच्या खिशात.
मागे सनई, कुकरच्या शिट्ट्या,
आणि सिद्राम ओरडून वाचतोय:
ऐदु, सोन्ने, मूरु, मूरु, ओंबत्तु, एरडु.
भाजीबाजारात शिकलेलं माझं कन्नड
तेवढ्याला पुरलं.

पाच एकवीसला हिरवी पट्टी आली.
आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो,
ती जाईल की काय म्हणून.

गुरुवारी वखारीत हौसाबाईनं विचारलं,
गेला काय कागद?
गेला.
पोच?
मी अर्जाचा क्रमांक वाचून दाखवला.
तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात,
पोती मोजून मोजून.
कोळसा घेऊन दाराच्या आतल्या बाजूला तिनं तो उतरवला,
सदतीस, चाळीस, बेचाळीसच्या खाली,
शेवटचा आठ जरा मोठा.

आणि न्हाई म्हणाले तर?
पुढच्या वर्षी परत.
मग अंगठं तेवढं जपून ठेवा बाई,
म्हणाली,
आणि चाळणीकडे वळली.