उजवी मांडी

आकडे हवेत? ते पुस्तकात असतील, बाळ.
षटकं किती, बळी किती, सरासरी वगैरे.
मी क्लोटेल यिअरवुड, मी धुणं धुवायचे.
डार्नली लिकोरिश मला ठाऊक आहे
तो उजव्या मांडीवरून.

हसतेस काय, ऐक.
आधी माझ्याकडे क्लबातल्या साहेबांचे कपडे यायचे,
शनिवारी रात्री, टोपलीतून, मागच्या दाराने.
गुडघे हिरवे असत काहींचे.
काहींची तर इस्त्रीसुद्धा मोडलेली नसे,
पैसे मात्र पुऱ्या धुण्याचे मिळत,
मी कशाला तक्रार करू.

मग एकदा टोपलीत एक पँट आली:
बुडाला ठिगळ, पट्ट्याच्या जागी जुना टाय,
आणि उजव्या मांडीवर तांबडाभडक ओघळ,
कोंबडं कापून कुणी हात पुसावा तसा.
आमच्याच गल्लीतला पोरगा,
ऊसाच्या गाड्या हाकणाऱ्या हिलरीचा धाकटा.
तोवर त्या फाटकातून आमच्यातलं कुणी आत गेलं
तर ते रोलर ओढायला.

चेंडूचा रंग हट्टी.
लिंबू चोळा, मीठ चोळा, नीळ द्या,
पोवळ्याच्या दगडावर दोन उन्हं खाऊ द्या,
गुलाबी सावली राहतेच.
मी ती थोडी राहू द्यायचे.
सोमवारी दोरीवर वारा त्या पँटीत शिरायचा
आणि ती धावायला लागायची,
लांबून, तिरकी, खांदा पुढे.
नळावरच्या बायकांच्या बादल्या भरून वाहायच्या.

समोरच्या खिडकीत अर्मिन, त्याची आई.
लहानपणीच्या तापात कान गेलेले,
अक्षराशी कधी ओळख नाही.
ती दोरी वाचायची.
डाग बघून बोटं वर करायची, तीन? चार?
मी मान हलवायचे.
बहुतेक वेळा बरोबर असायची.

इंग्लंडहून परतला तेव्हा कपडे मशीनमधले,
शिळ्या माशाच्या डोळ्यासारखे.
डाग होता, पण फिका.
तिकडे थंडी फार, म्हणाला.
शर्टाच्या खांद्याला मलमाचा वास होता,
शिवणीत मुरलेला, महिन्यांचा.
धोबणीला नाक असतं, बाळ,
वर्तमानपत्राला नसतं.

मग ब्रिजटाउनची ती टेस्ट, त्याची शेवटची.
पाच दिवस रमच्या दुकानातला रेडिओ बोलत होता.
डार्नलीचं नाव दोनदा आलं.
एकदा ग्लोव्हज नेऊन देताना,
एकदा पाणी.
दुसऱ्यांदा कुणीतरी आवाज कमी केला.

रविवारी टोपली आली. बघते तर डाग!
मोठा, ओला, लालजर्द.
डाव्या मांडीवर.
बोट लावलं, चिकट. नाकाशी नेलं:
अंबाडी, लवंग,
नाताळचं उरलेलं सरबत.
ज्याने जन्मभर न बघता चेंडू घासला
त्याची बघून घासताना मांडी चुकली.

थंड पाण्यात पहिल्या हिसक्याला गेला असता.
मी कॉलर धुतली, पायाच्या दुमडी धुतल्या,
तेवढ्या जागेला पाणी लागू दिलं नाही.
पण अर्मिनला डावं-उजवं कळायचं,
बहिरी होती, खुळी नव्हती.
म्हणून पँट उलटी केली,
आतली बाजू बाहेर,
आणि टांगली.

तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
मग हात वर केला, पाची बोटं.
मी मान हलवली.
नळावर कुणी हसलं नाही.
डॉमिनो खेळणारा म्हातारा ऑर्मंड उठला
आणि त्यानेही पंजा दाखवला तिला, पाच, हो, पाच.
डार्नली दारामागे होता की नव्हता,
मी वळून पाहिलं नाही.

दुपारपर्यंत फणसाच्या खोडावरून दोरीवर,
दोरीवरून त्या मांडीवर
मुंग्यांची रांग लागली होती.
मी झटकत उभी राहिले,
खिडकी बंद होईपर्यंत.