स आणि थ

सव्वादहाला घंटा होते, को न्याँ म्हणाला होता.
त्याच्या मोटारसायकलवरून उतरले तेव्हा दहा,
आणि फाटकाशी माझ्यासारख्यांच्या तीन बसगाड्या.
चपला काढल्या. फरशी इतकी तापलेली
की तो अख्खा मठ मी आधी टाचांनी पाहिला,
डोळ्यांनी नंतर.

हजारावर माणसं राहतात इथे.
दोरीवर विटकरी चीवरं, ओळीमागून ओळी,
सागाच्या खांबांना टेकवलेल्या सायकली,
एका पायरीवर उघडं व्याकरण, पान उडू नये म्हणून वर दगड.
स्वयंपाकघरात भात ढवळायला वल्हं.
खरंखुरं वल्हं, इरावतीत झिजलेलं,
आणि ते चालवणारा घामाघूम माणूस
भाताला शिव्या देत असावा, मायेने.

फळ्यावर आजच्या जेवणाच्या दात्याचं नाव.
दॉ म्या यिन. को न्याँने वाचून दाखवलं,
मुलाच्या नावाने, म्हणाला.
मुलगा परीक्षेला बसलाय की काय, मी विचारलं नाही.
बाई समोरच उभी होती, गालांवर थनाखाचे गोल,
हातात डाव.

आधी शील घ्यायचं होतं तिला.
म्हातारे भिक्खू सांगत गेले, ती मागून म्हणत गेली.
बर्मी असेल, म्हणून मी नखं बघत बसले.
मग चाल ओळखीची वाटली,
मग खाचखळग्यांसकट तो रस्ताच ओळखीचा.
थरनां गिस्सामि.
थरनां?
सरणं!
पत्र्याच्या विहारात, रविवारी, विरलेल्या सतरंजीवर,
बोर्डाच्या पेपराआधी बसस्टॉपवर पुटपुटत,
बाबांना न्यायच्या आधी, अंगणात,
जे म्हटलं ते.
दात पडलेल्या कुणाच्या तोंडून यावं तसं.
मीही सुरू केलं. मोठ्याने. माझ्या स-सकट.

घंटा. रांग.
मोठे पुढे, मग लहान, मग इतके लहान
की पात्रच चालत येतंय आणि मागे पोर लटकलंय.
दोन्ही कडांना आम्ही. एक गृहस्थ गुडघ्यांवर,
चिमुरड्याच्या नाकासमोर कॅमेरा धरून.
मीही तीन फोटो काढले. तिसऱ्यात एक श्रामणेर
थेट माझ्याकडे बघतोय,
बाजारात वजनकाट्याकडे बघावं तसा.
फोन पिशवीत टाकला.
उपरती वगैरे नाही, चार्जिंग संपत आलं होतं.
दॉ म्या यिन वाढत होती. एक पात्र, एक डाव.
ओठ हलत होते तिचे. मंत्र असेल, वाटलं.

तोच पोरगा मग हौदाशी भेटला, पात्र घासताना.
को न्याँला म्हणाला, ही बाई चुकीचं म्हणते.
कुणी शिकवलं हिला?

काय सांगू?
एक मैदान होतं, बाळा, ऑक्टोबरातलं,
आमच्या मागच्या पिढीची लाखो माणसं, पांढरे कपडे उसने आणून,
आणि त्या दिवशी दीक्षा देणारे वृद्ध भिक्खू
तुमच्याच मुलखात जन्मलेले होते.
आता ठरव, कोण चुकलं.
एवढं सगळं को न्याँच्या इंग्रजीत मावेना.
तो म्हणाला, आजोबा.
पोराला पटलं.

त्याने शिकवलं, जीभ दातांत धर. थ.
मी शिकवलं, जीभ मागे घे. स.
त्याचा साप झाला, माझी थुंकी उडाली,
दोघंही हसलो, मधे तीन हात अंतर राखून.
नाव विचारलं. थोभिता.
गेटापर्यंत आले तेव्हा डोक्यात उजेड पडला,
अरे, शोभित!
वळले, तर तो वर्गाकडे पळत होता,
ओला, चीवर सावरत, ओरडत,
थुमेडा! थुमेडा!
मी सुमेधा. पण हात मी त्यालाच केला.

स्वयंपाकघराच्या मागे दॉ म्या यिन एकटी,
रिकामं पातेलं आडवं करून खरवड काढत.
मला केळीच्या पानावर दिली. करपलेली, गोडसर.
वाढताना काय म्हणत होता, मी विचारायला लावलं.
मोजत होते, म्हणाली.
किती झाले?
तिने पातेलं आणखी थोडं कलतं केलं.
तेवीस झाले की पुन्हा एकपासून, म्हणाली.
तेविसाच्या पुढे जात नाही.