मोरीखालून

मार्डीच्या माळावर ऑक्टोबरात
कुसळं सलवारीत घुसतात, काढता काढता संध्याकाळ संपते.
मी जाळी घेऊन वाकते.
त्याला उडता येत नाही, हे माझंच नशीब:
पंखांच्या जागी दोन खवले,
पिवळट अंगावर जांभळी रेघ,
कोवळ्या ज्वारीचं पान दिसलं की
रात्रभर न थांबणारा जबडा.
इथले शेतकरी त्याचं नाव घेत नाहीत. नुसतं ‘ते’ म्हणतात.

मागचा एक पाय मोडून घेते,
अल्कोहोलच्या कुपीत सोडते, पेन्सिलीनं लिहिते:
उत्तर-१७, मादी, पोटात अंडी.
शाई अल्कोहोलात विरघळते हे पहिल्या वर्षी
चाळीस बेवारस पायांनी शिकवलं.

मधून चौपदरी रस्ता गेलाय.
उत्तरेला माळ, दक्षिणेला फवारणीची रानं.
वर्षाला एक पिढी,
डांबराला झाली एकवीस वर्षं.
एकवीस पिढ्यांत दक्षिणेकडच्यांचं
एक अक्षर बदललंय, चारशे बारावं.
तेवढ्यावर औषध पचतं.

माझा नायना जेकार्डची कार्डं पाडायचा.
पुठ्ठ्याला भोक, भोकामागून भोक,
आणि आठवड्यानं चादरीवर मोर.
एकदा एक भोक सरकलं,
मोराला दोन तुरे आले.
नायना रात्रभर जेवला नाही.
सकाळी व्यापारी म्हणाला, हाच खपतोय, असाच पाड.
जुनं कार्ड मग माळ्यावर गेलं,
तिथं ते कसरीनं खाल्लं.

म्हणून मला ‘चूक’ हा शब्द
प्रबंधात लिहिताना हात आखडतो.

आणि मग उत्तर-३१.
माळावरचा नर. जिथं कधी कुणी पंप पाठीला लावला नाही,
तिथं चारशे बारावं अक्षर दक्षिणेचं.
सर म्हणाले, कुपी बदलली असेल, वगळ.
मी दुसरा पाय काढला, पुन्हा चालवलं.
तेच.

परवा मोरीपाशी मायाप्पा वाघमोडे भेटला.
दिवाळीआधी त्याची मेंढरं
पलीकडे बाजरी निघालेल्या रानात बसतात,
मालक लेंडीखताचे पैसे देतो,
मग मोरीखालून सगळा कळप परत माळाला.
कुपी दाखवली.
“ह्ये व्हय? घोंगड्याला चिकटून येतंय की.
हितं आलो की झटकतो.”
आणि झटकून दाखवलं,
धूळ, दोन कुसळं, लोकरीचा पुंजका.
त्या दिवशी त्यात ‘ते’ नव्हतं.

वरून ट्रक जात होते, मोरी थरथरत होती.
मेंढरांना त्याचं काही नव्हतं.

तक्त्यात शेवटचा रकाना आहे: स्थलांतराचं साधन.
बाकीच्यांच्या तक्त्यात तिथं वारा असतो,
पंखांची लांबी, मिलिमीटरमध्ये.
उत्तर-३१ पुढं मी
पेन्सिलीनं लिहिलंय, घोंगडी,
आणि एक प्रश्नचिन्ह,
जे सर खोडतील
किंवा मी.