आवक-जावक

शनिवारी रात्री कोणीतरी बाटल्या फोडतं.
रविवारी पहाटे पावणेपाचला आम्ही काचा वेचतो,
मी, एलायस डिकुन्हा, तांडेलांची धाकटी रेवा,
मोबाइलच्या उजेडात, उकिडवे बसून,
जणू कुणाची नथ हरवलीय.

पाइपलाइनच्या कडेचा हा पट्टा
एक किलोमीटर आठशे मीटर.
भांडुपच्या बाजूला पिंपळाखाली सुरू होतो,
नाहूरच्या बाजूला एका भिंतीपाशी
काही न सांगता संपतो.
मधली निळी रेघ आम्हीच मारली.
रंग कमी पडला, म्हणून शेवटची दोनशे पावलं हिरवी.
नवीन माणूस विचारतो, हिरव्याचा अर्थ काय?
डिकुन्हा गंभीर चेहऱ्याने सांगतो,
इथून पुढे हळू.
आणि लोक खरंच हळू होतात.

सायकली अकरा. सगळ्या मागून आणलेल्या,
दोन तर गॅलरीत कुंड्या सांभाळत होत्या.
चारची चेन उतरते.
नऊला घंटी नाही, नऊवाल्याने तोंडाने ओरडायचं.
वही माझ्याकडे.
वॉर्ड ऑफिसात एकोणतीस वर्षं आवक-जावक सांभाळली,
हात अजून तसाच चालतो:
क्रमांक, नाव, गेली किती वाजता,
आली किती वाजता, शेरा.

सोसायट्यांच्या गेटवर आम्ही चिठ्ठ्या लावतो,
'जवळच्या कामाला सायकल'.
त्या फक्त वॉचमन वाचतात,
जे मुळातच सायकलने येतात.

भांडणं असतातच.
खडपेबाई मिरच्या वाळत घालतात, बरोब्बर वळणावर.
म्हणतात, ऊन इथेच पडतं, मी काय करू?
आम्ही एक अख्खी सकाळ उभं राहून पाहिलं.
ऊन तिथेच पडत होतं.
मग ठराव झाला, वहीच्या मागच्या पानावर:
अकरापर्यंत सायकली, नंतर मिरच्या.
खाली तीन सह्या
आणि एक लालभडक बोट.

प्रमिला घरत, वय अठ्ठावन्न,
नवरा उठायच्या आत शिकून घरी जायचं म्हणून
पावणेसहाला हजर.
लोक म्हणतात, मागून हात सोडायचा आणि सांगायचं नाही.
मला ते पटत नाही.
मी सांगते, प्रमिलाताई, सोडते हं.
त्या म्हणतात, नको.
मग धरते.
सात रविवार असेच, सीटला माझा हात,
पदर खोचलेल्या दोन बायका, एक सायकल.
आठव्या रविवारी त्याच म्हणाल्या,
दमलात तुम्ही, सोडा आता.

(मला स्वतःला सायकल येत नाही.
कोणी विचारलेलं नाही,
म्हणून कुठे नोंद नाही.)

आता सात नंबर.
पाच तारखेला गेली, सकाळी सहा दहा,
नाव मुस्तकीम, पत्ता बेकरीमागे.
आली:
पुढे कोरं.
समिती बसली. समिती म्हणजे आम्ही पाच आणि एक थर्मास.
एक म्हणाला, तक्रार करू.
रेवा म्हणाली, त्याचा फोटो चिकटवू पिंपळाला.
मी म्हटलं, गुरुवारपर्यंत थांबा.
अर्धे कागद शोधायचं सोडलं की सापडतात,
एवढं मला सरकारने शिकवलंय.

बुधवारी दुधाला गेले, तर नाक्यावर सात नंबर.
मागे पावांची जाळी, सीट चार बोटं वर,
नऊला एक मिळेना, हिला दोन घंट्या.
तो एक पाय टेकून उभा,
पुटपुटत हिशोब करत असावा, किती लाद्या कुठे.
त्याचं नाव माझ्या ओठापर्यंत आलं होतं.
तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला.
आमच्यासारखा नाही. खरा हिरवा.

घरी येऊन वही काढली.
'आली'चा रकाना तसाच ठेवला,
शेऱ्यात लिहिलं,
चालू आहे.
तारीख घातली, सही केली.

डिकुन्हाला अजून सांगितलेलं नाही.
रविवारी आधी चारची चेन बघायचीय.